दर्या कार्बन घेतो की देतो?

गेल्या अंकात या सदरात एक वाक्य होतं: माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला साधारण पाव हिस्सा जगातले समुद्र पोटात घेतात. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. थोडी कौतुकाची, बाकीची उलटतपासणीची. म्हणून या वेळी सगळी उत्तरं याच विषयावर देते. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत. माझी नोकरी समुद्राचं पाणी बाटल्यांत भरून तपासण्यात गेली, त्यामुळे उत्तरांत बाटल्या अधूनमधून डोकावतील, तेवढं चालवून घ्या.

आठवीच्या वर्गात ‘समुद्र कार्बन डायऑक्साइड शोषतो’ असं शिकवलं. एका मुलीनं विचारलं, “मिरामारचा पण?” मी हो म्हटलं. बरोबर ना?
*विज्ञान शिक्षिका, डिचोली*

त्या मुलीला आधी शाबासकी द्या. तिनं विचारलेलं पाठ्यपुस्तकात नाही. आणि उत्तर ‘नाही’ असं आहे. वर्षभराचा हिशेब मांडला तर आपला अरबी समुद्र कार्बन डायऑक्साइड हवेला देणारा समुद्र आहे. पाव हिस्सा घेतात ते सगळे समुद्र मिळून. त्यात घेणारेही आहेत, देणारेही.

घेणं-देणं ठरतं कशावर? पाण्यात विरघळलेल्या वायूचाही दाब असतो, हवेतल्या वायूचाही असतो. ज्याचा जास्त, तिकडून वायू कमी दाबाकडे जातो, आणि वारा जितका जोराचा तितका तो झपाट्याने जातो. पाणी तापलं की त्यातल्या वायूचा दाब वाढतो, एका अंशाला सुमारे चार टक्के. फ्रीजमधली सोड्याची बाटली आणि मेच्या उन्हात गाड्यावर तापलेली बाटली, दोन्ही उघडून पाहा, वर्गात यापेक्षा जास्त समजावावं लागणार नाही. म्हणून उत्तर अटलांटिक आणि अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागर असे थंड समुद्र घेतात, आणि विषुववृत्ताजवळचे उबदार समुद्र बहुतांशी देतात.

पण नुसत्या तापमानावर अरबी समुद्राची गोष्ट पुरी होत नाही. वरच्या उजेडातले जीव मरतात, त्यांची विष्ठा खाली जाते, अंधारात जीवाणू ते कुजवतात. त्या कुजण्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड खालच्या पाण्यात साठत राहतो. ते पाणी खालीच राहिलं तर कुणाचंच काही बिघडत नाही. आपल्याकडे ते राहत नाही. जूनपासून नैऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर असे सुटतात की वरचं पाणी किनाऱ्यापासून लोटलं जातं, आणि त्याची जागा भरायला शे-दोनशे मीटर खोलीवरचं गार, कार्बननं भरलेलं पाणी वर येतं. वर येऊन ते तापतं, त्यावरून सोसाट्याचा वारा वाहतो. वायू सुटायला आणखी काय हवं?

त्या पाण्याबरोबर नायट्रेट आणि फॉस्फेटही येतात, म्हणजे प्लवकांना, पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना, खत. ओमानसमोरचा समुद्र त्या दिवसांत हिरवा होतो, आणि हे प्लवक बराच कार्बन परत ओढून घेतात. पण वर आलेला सगळा घेऊ शकत नाहीत. हिवाळ्यात उत्तरेकडे दुसरा प्रकार. जमिनीवरून कोरडा, गार वारा येतो, वरचं पाणी थंड होऊन जड होतं, बुडतं, ढवळलं जातं, आणि पुन्हा खालचं वर. १९९०च्या दशकात ‘सागर कन्या’ जहाजावरून वेगवेगळ्या ऋतूंत मोजमापं झाली, तेव्हा हे चित्र आकड्यांनिशी पुढे आलं. एप्रिल-मे मध्ये वारा पडलेला असतो, तेव्हा देणं मंदावतं.

आणि खास मिरामारचंच विचाराल तर तिथं मांडवीचं मुख आहे. पावसाळ्यात नदी पालापाचोळा आणि माती घेऊन येते, ते मुखाशी कुजतं. मांडवी-जुवारीच्या मुखात पावसाळ्यात मोजलेला कार्बन डायऑक्साइडचा दाब हवेतल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त आढळलेला आहे. तेव्हा मिरामार तर नक्कीच देणारा. मुलीला हे सांगा, परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहायला सांगा, नाहीतर तिचे मार्क जायचे.

मासेमारीवरची पावसाळी बंदी उठल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात कधी कधी तळाला टाकलेलं जाळं जवळजवळ रिकामं येतं. खलाशी म्हणतात, “उदकाक घाण येता.” दुसऱ्या वर्षी त्याच जागी मासळी असते. हे एल निन्योमुळे का?
*ट्रॉलरमालक, मालीम*

या पत्राला जास्त जागा देते, कारण तुमच्या खलाशांच्या नाकाला जे कळलं ते आम्हांला बाटलीत बघावं लागायचं.

पाऊस सुरू झाला की नैऋत्य वाऱ्याच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावरही खालचं पाणी वर सरकतं. सुरुवात केरळकडून होते, मग ते उत्तरेला कोकणाकडे येतं. हे पाणी अरबी समुद्राच्या मधल्या थरातलं, ज्यात प्राणवायू आधीच तुटपुंजा. साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्याही खालीपर्यंत पसरलेला, प्राणवायू जवळपास संपलेला असा हा थर जगातल्या सर्वांत मोठ्या थरांपैकी एक आहे. ते पाणी किनाऱ्याच्या उथळ तळावर येऊन बसतं. वर नद्यांचं आणि पावसाचं गोडं, हलकं पाणी पसरलेलं असतं, त्यामुळे वरची हवा खाली पोचत नाही. वरच्या थरात खत मिळाल्यामुळे प्लवक माजतात, मरतात, खाली जातात, कुजतात, आणि उरलासुरला प्राणवायूही संपवतात.

आता बाटली. पाणी वर आल्याबरोबर पहिला नमुना प्राणवायूचा घ्यायचा, कारण हवेचा बुडबुडा लागला की नमुना गेला. रबरी नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडायची, पाणी वरून वाहू द्यायचं, मग पिपेटनं मँगनीज क्लोराइड आणि क्षारीय आयोडाइड घालून बूच लावायचं आणि हलवायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी गाळ पडतो, जितका प्राणवायू तितका गडद. कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून जेमतेम दहा किलोमीटरवर, सत्तावीस मीटरच्या आसपास खोल पाण्यात, १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एकाच जागी नियमित नमुने घेतले जातात. मे महिन्यात तिथल्या तळाच्या पाण्याचा गाळ चहाच्या रंगाचा असतो. सप्टेंबरात कधी कधी तो पांढराफेक पडतो, म्हणजे प्राणवायू नाहीच. आणि नळी उघडताच कुजक्या अंड्याचा वास. हायड्रोजन सल्फाइड. तुमचे खलाशी जी घाण म्हणतात ती हीच. अशा पाण्यातून लेपे, कोळंबी, खेकडे जमेल तिकडे पळतात. बांगडा-तारली वरच्या थरात दाटतात, त्यामुळे त्याच दिवसांत वरून ओढणाऱ्याची चंगळ आणि तळाला ओढणाऱ्याचे हाल, असंही होतं.

प्राणवायू नसलेलं पाणी म्हणजे कार्बनानं भरलेलं पाणी, हे इथं लक्षात ठेवा. जीवाणूंनी एक वापरला आणि दुसरा सोडला. त्याच बाटल्यांच्या शेजारी कार्बनचा नमुना घेताना आम्ही मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब टाकायचो. जहाल विष आहे, हातमोजे घालून, श्वास रोखून. कारण पाण्यातले जीव जिवंत राहिले तर किनाऱ्यावर पोचेपर्यंत ते बाटलीतल्या बाटलीत कार्बन वाढवून ठेवतात. एवढ्याशा पाण्यात जीव आकडा बदलतात, तर समुद्रात काय करत असतील याचा अंदाज करा.

अशा पाण्यात आणखी एक वायू होतो, नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो विलक्षण प्रमाणात बनतो हे दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिलं. त्यांचं म्हणणं होतं की शेतीतल्या खतांचा आणि किनाऱ्यावरच्या बदलांचाही त्यात हात असावा.

आता तुमचा मुख्य प्रश्न: एका वर्षी आहे, एका वर्षी नाही, ते का? एल निन्योवर, म्हणजे प्रशांत महासागराचा पूर्व भाग तापण्यावर, सगळ्यांचा डोळा असतो, पण आपल्या किनाऱ्याच्या तळाच्या पाण्याला हलवणारी किल्ली हिंद महासागरातच आहे. तिला हिंद महासागर द्विध्रुव म्हणतात. बातम्यांत ‘आयओडी’ येतं ते हेच. काही वर्षी पश्चिमेकडचा, आफ्रिकेच्या बाजूचा समुद्र जास्त तापतो आणि सुमात्रा-जावाकडचा गार पडतो. त्याला धन म्हणतात. उलट झालं तर ऋण. धन वर्षात बंगालच्या उपसागराला आणि श्रीलंकेला वळसा घालून समुद्राखालची एक लाट आपल्या किनाऱ्यानं उत्तरेकडे येते आणि प्राणवायू असलेला वरचा थर खाली दाबून जाड करते. मग कमी प्राणवायूचं पाणी उथळ तळावर चढू शकत नाही. दोनापावलच्याच संशोधकांनी २०१७ मध्ये हे मांडलं: धन द्विध्रुव असताना आपल्या किनाऱ्यावर प्राणवायू संपत नाही. १९९७ आणि २०१९ ही जोरदार धन वर्षं. ऋण वर्ष आलं की दरवेळी घाण सुटेलच असं नाही, पण ती सुटायला वाट मोकळी असते.

तेव्हा पुढच्या वर्षी टीव्हीवर फक्त एल निन्यो ऐकून गप्प बसू नका. हवामान खात्याच्या मोसमी अंदाजात द्विध्रुवाचं एक वाक्य असतं, ते वाचा. त्यावरून मासळीचा भाव ठरवायला जाऊ नका म्हणजे झालं.

एका लेखात वाचलं की एल निन्योच्या वर्षी हवेतला कार्बन डायऑक्साइड जास्त वाढतो. दुसरीकडे वाचलं की एल निन्योत समुद्र कमी कार्बन सोडतो. दोन्हींतलं खरं कोणतं?
*निवृत्त बँक अधिकारी, मूळ मडगावचे, सध्या दादर*

दोन्ही खरी. खाती वेगळी आहेत, हे तुम्हांला निराळं सांगायला नको.

प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा पूर्व भाग म्हणजे समुद्राच्या खात्यातली सर्वांत मोठी देणारी जागा. तिथं पूर्वेकडून येणारे वारे पाणी पश्चिमेला लोटतात आणि खालचं कार्बनानं भरलेलं पाणी वर येत राहतं. एल निन्यो आला की ते वारे ढिले पडतात, पश्चिमेचं गरम पाणी पूर्वेला सरकून झाकण घातल्यासारखं बसतं, आणि खालचं पाणी वर येणं जवळपास थांबतं. साहजिकच हवेत जाणारा कार्बन घटतो. त्याबरोबर खतही बंद होतं, प्लवक घटतात, पेरूच्या कोळ्यांचे अँचोवी मासे गायब होतात. एल निन्यो हे नाव त्या कोळ्यांनीच दिलं. १९७२च्या सुमाराला तिथली मासेमारी कोसळली ती एल निन्यो आणि बेसुमार मासेमारी, दोन्हींच्या माऱ्याने.

पण त्याच वर्षी जमिनीचं खातं उलट्या बाजूला जातं. इंडोनेशियात कोरड पडते आणि दलदलीतलं कोळशासारखं पीट पेटतं, ॲमेझॉनच्या जंगलाला पाणी कमी पडतं, आफ्रिकेत उष्ण हवेत माती आणि पाला भराभर कुजतो. २०१५-१६च्या एल निन्योत हे पहिल्यांदाच उपग्रहावरून टप्प्याटप्प्यानं पाहता आलं. नासाचा ‘ओसीओ-२’ हा उपग्रह २०१४ मध्ये नेमका वेळेवर वर गेला होता. आधी प्रशांतावरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड किंचित घटलेला दिसला, काही महिन्यांनी जमिनीकडून उसळी आली. २०१५ मध्ये उष्ण कटिबंधातल्या जमिनींनी २०११ च्या मानाने सुमारे अडीच अब्ज टन कार्बन जास्त सोडला. समुद्रानं वाचवलेलं त्यापुढे किरकोळ. हवाईच्या मौना लोआवर, जिथं १९५८ पासून रोज मोजमाप चालू आहे, २०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षी वाढ तीन पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख कणांमागे तीन कणांच्या, आसपास होती.

वर्षावर्षाचे हे चढउतार निसर्गाचे आहेत. त्यांच्याखालची चढती रेघ मात्र कोळसा आणि तेलाचीच, तिचं बिल एल निन्योच्या नावावर फाडता येत नाही. तुम्ही तसं म्हटलेलं नाही, पण तुमच्या पत्राला जोडलेल्या कात्रणात तो सूर होता म्हणून लिहिलं.

तिसऱ्यांच्या, शिनाण्यांच्या शिंपल्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे त्यात कार्बन अडकलेला. मग तिसऱ्या खाऊन शिंपल्या माडाच्या मुळाशी पुरल्या तर मी हवेतला कार्बन कमी करते का?
*गृहिणी, साळगाव*

माडाला चुना मिळेल, तेवढंच. हवेच्या बाबतीत मामला उलटा आहे.

समुद्रात कार्बन बहुतेक सगळा बायकार्बोनेटच्या रूपात असतो. तिसरी शिंपला बांधते तेव्हा कॅल्शियमबरोबर दोन बायकार्बोनेट वापरते. एकाचा शिंपला होतो, दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन पाण्यात सुटतो. समुद्राचं पाणी त्यातला काही भाग सावरून घेतं, तरी शिंपल्यात गेलेल्या दर दहा कणांमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे सहा कण पाण्यात जास्त होतात. म्हणजे शिंपला बांधणं हे समुद्राच्या वरच्या थरापुरतं हवेला देण्याचंच काम. प्रवाळ तेच करतात, आणि कोकोलिथोफोर नावाची अंगावर खडूच्या चकत्या बाळगणारी सूक्ष्म शैवालंही. त्यांचं प्रकाशसंश्लेषण कार्बन घेतं, चकत्या बांधणं देतं, वजाबाकी करून उत्तर काढावं लागतं. ‘शिंपल्यांची शेती म्हणजे कार्बनची तिजोरी’ असे दावे हल्ली दिसतात. ते करणारे एक तर रसायनशास्त्राला दांडी मारून आले असावेत किंवा काहीतरी विकायला निघालेले.

आपल्याकडे या शिंपल्यांचा पुढचा प्रवासही होता. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवलेले ते दुधी, पातळ शिंपले पाहा. तो कार्बन दोनशे वर्षं तिथं चौकटीत बसून आहे. चुन्याच्या भट्टीत गेलेल्या शिंपल्यांचं तसं नाही. शंभर किलो शुद्ध शिंपला भट्टीत भाजला की चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि छप्पन्न किलो कळीचा चुना राहतो. भिंतीला लावलेला चुना पुढे वर्षानुवर्षं हवेतला तोच वायू शोषून पुन्हा कार्बोनेट होतो, म्हणून जुन्या चर्चच्या भिंती दगडासारख्या टणक लागतात. भट्टीत जाळलेल्या लाकडाचा धूर मात्र परत येत नाही.

तिसऱ्या खुशाल खा. सुक्याचं वाटण तुम्ही पत्रात लिहिलं आहे त्यात कोकम विसरला आहात.

मी आणि माझे मित्र एक कंपनी काढत आहोत. समुद्रात लोह टाकून प्लवक वाढवायचे आणि त्यांनी घेतलेल्या कार्बनची क्रेडिट, म्हणजे इतका कार्बन हवेतून काढला अशी प्रमाणपत्रं, विकायची. आपल्या किनाऱ्यावर हे शक्य आहे का? गोव्याच्या शास्त्रज्ञांनी असा प्रयोग केला होता असं ऐकलं.
*अभियंता, पर्वरी*

केला होता, आणि म्हणूनच तुम्हांला दोन गोष्टी सांगता येतात.

कल्पना जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाची, १९८०च्या दशकाच्या अखेरची. दक्षिण महासागरात नायट्रेट भरपूर पण लोह नाही, म्हणून प्लवक खुंटलेले. लोह द्या, ते वाढतील, कार्बन घेतील, मरून बुडतील. २००९च्या जानेवारी ते मार्चमध्ये ‘लोहाफेक्स’ हा भारत-जर्मनीचा प्रयोग झाला. जहाज जर्मनांचं ‘पोलारस्टर्न’. आपल्या बाजूचं नेतृत्व दोनापावलच्या डॉ. वाजिह नक्वी यांच्याकडे, जर्मनीच्या बाजूचं व्हिक्टर स्मेटाचेक यांच्याकडे. नावातला ‘लोह’ आपलाच. दक्षिण अटलांटिकमधल्या एका भोवऱ्यात सुमारे तीनशे चौरस किलोमीटरवर विरघळवलेलं लोह सोडलं. प्लवक वाढले, उपग्रहालाही दिसले. पण तिथल्या पाण्यात सिलिकेट संपलेलं होतं, आणि डायटम नावाचे जाड कवचाचे, पटकन बुडणारे प्लवक त्याशिवाय होत नाहीत. वाढले ते इवलेसे, मऊ अंगाचे प्लवक. त्यांच्यावर कोपेपॉडांनी ताव मारला. कोपेपॉड म्हणजे तांदळाच्या कणीएवढे कवचधारी जीव. कोपेपॉडांवर त्याहून मोठ्या ॲम्फिपॉडांनी. सगळी पंगत वरच्या थरातच उठली आणि खोल गेलेला कार्बन जवळजवळ नगण्य ठरला. प्रयोग फसला असं वर्तमानपत्रांनी छापलं. मला तो लोह टाकण्याच्या साऱ्या प्रयोगांतला सर्वांत शिकवून गेलेला प्रयोग वाटतो.

त्यातून निघणारा प्रश्न तुमच्या प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर हवा: कार्बन किती खोल जाणार आणि किती दिवस तिथं राहणार? प्लवक किती वाढले हे विचारून उपयोग नाही. जगभरातले प्लवक वर्षाला साधारण पन्नास अब्ज टन कार्बन घेतात, म्हणजे जमिनीवरच्या सगळ्या झाडांच्या तोडीस तोड. त्यातला दहा अब्ज टनांच्या आसपास उजेडाच्या थराखाली उतरतो. तळाच्या चिखलात कायमचा गाडला जातो तो एक टक्काही नाही. हजार मीटरखाली गेलेला कार्बन शेकडो वर्षं वर येत नाही. दोनशे मीटरवर थांबलेला अरबी समुद्रात पुढच्याच एखाद्या मोसमात खालच्या पाण्याबरोबर वर येऊन हवेत जाऊ शकतो. तुम्ही तोवर क्रेडिट विकून बसलेले असाल.

आपल्या किनाऱ्यावर तर ही कल्पना सोडूनच द्या. नैऋत्य मोसमात इथल्या प्लवकांना खत कमी नाही, प्राणवायू कमी आहे. मालीमच्या पत्राचं उत्तर वर दिलंच आहे. आणखी कुजवाल तर आणखी घाण सुटेल, शिवाय नायट्रस ऑक्साइड. समुद्रात टाकाऊ माल टाकण्यावर बंधन घालणाऱ्या लंडन करारातल्या देशांनी २००८ मध्येच ठराव केला आहे की वैज्ञानिक संशोधन सोडून समुद्राला असं खत घालू नये. कायदेशीर सल्ला घ्यायचा असेल तर कंपनीची नोंदणी करण्याआधी घ्या.

पत्राच्या शेवटी तुम्ही खारफुटीबद्दल विचारलं आहे. चोडणच्या चिखलात कार्बन साठतो, हे खरं. प्राणवायू नसलेल्या चिखलात मुळं सावकाश कुजतात म्हणून. पण तिथं नवं लावून विकण्यापेक्षा असलेलं तोडू न देणं जास्त मोलाचं, आणि त्याला कुणी क्रेडिट देवो न देवो.

रात्री किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकताना पाहिल्या. त्या चमकणाऱ्या जीवांचाही कार्बनशी संबंध असतो का?
*महाविद्यालयीन विद्यार्थी, पेडणे*

असतो. लाटा चमकवणारे जीव अनेक आहेत, त्यांतला नॉक्टिल्युका हा एक. उत्तर अरबी समुद्रात या शतकाच्या सुरुवातीपासून हिवाळ्यात त्याच्या हिरव्या प्रकाराचे प्रचंड तवंग येऊ लागले, जिथं पूर्वी डायटमांचं राज्य असे. त्याच्या पोटात पेडिनोमोनास नावाचं हिरवं शैवाल जिवंत राहतं, त्यामुळे तो प्रकाशावरही जगतो आणि दुसऱ्यांना खाऊनही. कमी प्राणवायूत हे बिऱ्हाड चांगलं चालतं, असं हेल्गा गोमिश आणि जोकिम गोयश यांच्या गटानं २०१४ मध्ये दाखवलं. एरवी डायटम खाणाऱ्या कोपेपॉडांना तो जड जातो. त्याला खातात ते साल्प, म्हणजे जेलीसारखे पारदर्शक तरंगते प्राणी, आणि जेलीफिश. साल्पाची विष्ठा घट्ट आणि जड, झपाट्यानं खोल जाते, म्हणजे कार्बनच्या दृष्टीने बरं. पण साल्प मासळीच्या फारसे कामाचे नाहीत, म्हणजे आपल्या ताटाच्या दृष्टीने नाही.

तुझ्यासाठी आणखी एक. अरबी समुद्रात कंदीलमासे म्हणतात तसे बोटभर मासे अफाट संख्येनं आहेत. अंगावर उजेडाचे ठिपके असतात. रात्री वर येऊन खातात, पहाटे दोन-चारशे मीटर खाली त्याच प्राणवायूविना पाण्यात जाऊन लपतात, कारण मागे लागणारे मोठे मासे तिथं येऊ शकत नाहीत. वर खाल्लेलं खाली श्वासावाटे आणि विष्ठेवाटे सोडतात. रोज रात्री, कुणी न सांगता, टनावारी कार्बन खाली.

शाळेच्या प्रकल्पासाठी समुद्राचं आम्लीकरण मोजायचं आहे. पीएच पट्ट्या आणल्या आहेत. किती दिवसांत फरक दिसेल?
*नववीचा गट, काणकोण*

दिसणार नाही. औद्योगिक काळापासून आजवर समुद्राचा पीएच (हा आकडा उतरला म्हणजे आम्लता वाढली) सरासरी सुमारे ०.१ ने उतरला आहे, आता तो वर्षाला साधारण ०.००२ ने उतरतो. तुमची पट्टी अर्ध्याचा फरक जेमतेम दाखवते. वर भरती-ओहोटीला आणि नदीच्या पाण्यानं त्याच्या कितीतरी पट हालचाल होते.

पट्ट्या दुकानात परत द्या आणि प्राणवायू मोजण्याचं मत्स्यशेतीवाले वापरतात ते किट घ्या. तळपणच्या खाडीत एकच जागा ठरवा, पहाटे आणि दुपारी नमुना घ्या. दिवसा शैवालं प्राणवायू सोडतात आणि कार्बन घेतात, रात्री सगळेच उलटं करतात. हा फरक किटवर स्वच्छ दिसेल, आणि कार्बन डायऑक्साइड त्याच्या उलट दिशेने चालतो हे धरून आलेख काढता येईल. दर नोंदीपुढे तारीख, वेळ, पाण्याचं तापमान आणि भरती होती की ओहोटी हे लिहा. पाण्यात उतरताना शिक्षकांपैकी कुणीतरी बरोबर हवं, आणि जून-जुलैत अजिबात उतरू नका.